तीन बल्ब आणि एक फोटो

मुलांनो, वाचायला बसण्याआधी एक काम करा. आईकडून नाहीतर बाबांकडून एक नोट मागून घ्या. दहाची चालेल, पन्नासची चालेल. (परत देणार आहे, हे आधीच सांगा, म्हणजे पटकन मिळेल!) आता त्या नोटेवरच्या गांधीजींकडे नीट बघा. नोट आपण रोज बघतो, पण बघतो काय, तर ती किती रुपयांची आहे तेवढंच. चेहऱ्याकडे कोण बघतंय? आज बघा. गांधीजी हसतायत. आणि त्यांच्या शेजारी कोण उभं आहे?

"शेजारी कुणीच नाही!" असं तुम्ही म्हणाल. आमच्या चौथीच्या वर्गानेही एका सुरात हेच सांगितलं होतं. एकाने तर नोट उलटी करून मागच्या बाजूलाही शोधलं.

पण शेजारी एक माणूस होता बरं का. हा चेहरा एका खऱ्या फोटोतून घेतलेला आहे. फोटो १९४६ सालचा, दिल्लीतल्या व्हाइसरॉयच्या निवासस्थानी काढलेला. त्यालाच आज आपण राष्ट्रपती भवन म्हणतो. त्या फोटोत गांधीजींच्या जवळच लॉर्ड पेथिक लॉरेन्स उभे आहेत. हे ब्रिटिश सरकारातले भारताचं खातं सांभाळणारे मंत्री. भारताला सत्ता कशी सोपवायची याच्या वाटाघाटी करायला ते इथे आले होते. पुढे १९९६ साली रिझर्व्ह बँकेने गांधीजींच्या चित्राच्या नोटांची मालिका काढली, तेव्हा त्या फोटोतला फक्त गांधीजींचा चेहरा वापरला. लॉर्डसाहेब बाहेर राहिले.

"बाई, मग त्या लॉर्डना वाईट वाटलं असेल!" आमच्या वर्गातली एक कळवळून म्हणाली. मी तिला सांगितलं, की नोटा निघाल्या तेव्हा ते हयात नव्हते. तरी तिचं समाधान झालं नाही. आणि मला वाटतं, तिचं बरोबरच होतं. नोटेवरचा चेहरा काही खोटा नाही. पण कुणीतरी ठरवलं, हे ठेवायचं आणि हे कापायचं. फोटो म्हटला की हे आलंच. समोरचं सगळं जग काही त्या चौकोनात मावत नाही.

आता दुसरा फोटो. हाही १९४६ चाच, आणि हा तर आपल्या पुण्यातला! तुम्ही तो नक्की बघितलेला आहे. पुढे मोठा चरखा आहे, त्याचं चाक उभं आहे. मागे गांधीजी मांडी घालून जमिनीवर बसलेत, अंगावर वस्त्र नाही, डोळ्यांवर चष्मा आहे. मागच्या खिडकीतून उजेड येतोय. आठवला? मग सांगा, गांधीजी त्यात काय करतायत?

"सूत कातताहेत!"

चूक! वर्गातल्या बेचाळीस जणांपैकी एकोणचाळीस जणांचं हेच उत्तर होतं, आणि शिक्षकांच्या खोलीतही मला हेच उत्तर मिळालं. पुन्हा बघा. गांधीजींच्या हातात कागद आहेत. ते वाचतायत. चरखा नुसता पुढे उभा आहे. पण तो इतका मोठा आहे आणि त्या माणसाच्या इतका जवळ आहे, की आपलं मन ते सूत आपणच कातून टाकतं!

हा फोटो मार्गारेट बर्क-व्हाइट नावाच्या अमेरिकन बाईंनी काढला. 'लाइफ' नावाचं एक फार मोठं चित्र-साप्ताहिक अमेरिकेत निघायचं. १९३६ साली त्याचा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर यांचाच फोटो होता. महायुद्धात तोफगोळे पडत असताना त्यांनी फोटो काढले होते. अशा धाडसी बाई पुण्यात आल्या आणि गांधीजींच्या चिटणिसांना म्हणाल्या, महात्माजींचा चरख्याबरोबर फोटो घ्यायचा आहे. चिटणिसांनी विचारलं, तुम्हाला सूत कातता येतं का?

बाई चक्रावल्या. त्यांना सूत कातायचं नव्हतं, सूत कातणाऱ्याचा फोटो काढायचा होता. पण नाही! चरखा म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, तो चरख्याचा फोटो कसा काढणार, असं त्या मंडळींचं म्हणणं. मग जगप्रसिद्ध फोटोग्राफर बाई चरख्यासमोर बसल्या आणि शिकल्या. हे काम सोपं नाही हं. माझ्या आईच्या लहानपणी शाळेत टकळीचा तास असायचा. आई सांगते, की तासभर बसलं तरी अर्धा वेळ तुटलेला धागा जोडण्यातच जायचा.

एवढं करूनही अटी संपल्या नव्हत्या. तो सोमवार होता, गांधीजींच्या मौनाचा दिवस, म्हणून त्यांच्याशी बोलायचं नाही. शिवाय त्यांच्या डोळ्यांना झगझगीत उजेड सोसत नसे, म्हणून फक्त तीन फ्लॅश बल्ब वापरायचे. आता फ्लॅश बल्ब म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या मोबाईलचा फ्लॅश हजार वेळा चमकतो. तेव्हाचा बल्ब काचेचा असे. एकदाच भककन पेटायचा आणि संपायचा. म्हणजे बाईंना मोजून तीन संधी होत्या. पहिली वाया गेली. दुसरीही वाया गेली. तिसरी साधली!

आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने लगेच हिशेब मांडला. त्याच्या दादाने विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर एका रात्रीत चारशे बारा फोटो काढले होते. मी विचारलं, "त्यातला तुला कुठला आठवतो?" त्याने खूप डोकं खाजवलं, मग म्हणाला, "बाई, ज्यात दादाचं बोट आलंय तो."

गांधीजी त्या काळात पुण्यात आले, की डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात उतरत. स्टेशनजवळ ताडीवाला रोडला ती जागा अजून आहे. आता तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे आणि त्या वास्तूला बापू भवन म्हणतात. पुण्यातली बहुतेक मुलं सहलीला आगाखान पॅलेसमध्ये जातात, पण बापू भवन फारच थोड्यांना माहीत असतं. एखाद्या रविवारी बाबांना घेऊन जा.

गंमत म्हणजे या फोटोला आधी काही फार मोठा मान मिळाला नव्हता. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. त्याच दिवशी काही तास आधी मार्गारेटबाई त्यांची मुलाखत घेऊन आल्या होत्या! त्यानंतर 'लाइफ'ने श्रद्धांजलीच्या पानांत हा फोटो मोठा छापला आणि तो जगभर गेला. ज्यांनी गांधीजींचं एक अक्षर वाचलेलं नाही, अशा माणसांच्याही मनात गांधीजी म्हटलं की हेच चित्र उभं राहतं. साधा माणूस, शांत खोली आणि एक चरखा. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅपल कंपनीने हा फोटो आपल्या जाहिरातीत वापरला. चरख्याचा फोटो कॉम्प्युटर विकायला! मला हसू आलं, माझ्या वडिलांना राग आला. तुम्हाला काय वाटतं, तुम्हीच ठरवा.

तिसरा फोटो मी वर्गात दाखवला तो याच्याहून साठ वर्षांनी जुना. डॉ. आनंदीबाई जोशींचा. मी दरवर्षी त्यांचा धडा शिकवते. मुलं धडाधडा पाठ म्हणतात, जन्म १८६५, अमेरिकेत गेल्या १८८३, डॉक्टर झाल्या १८८६, मृत्यू पुण्यात १८८७. पाठ झालं की विसरतात. त्या दिवशी मी काही न बोलता फोटोच फळ्यावर लावला.

तो १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला आहे. तीन मुली आहेत. एक किमोनो घातलेली जपानची केई ओकामी. एक सीरियाची साबात इस्लामबूली, तिच्या देशातल्या पेहरावात. आणि लुगडं नेसलेल्या आपल्या आनंदीबाई, वय अवघं वीस. तिघीही कॅमेऱ्याकडे थेट बघतायत. वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, माझी पणजी अशीच साडी नेसते." थोड्या वेळाने तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे अशी साडी नेसूनसुद्धा डॉक्टर होता येतं?"

मी तिला इतकी वर्षं तारखा सांगून जे समजावू शकले नसते, ते तिने स्वतःच बघून घेतलं.

त्या फोटोच्या खाली इंग्रजीत तिघींची नावं आणि गावं लिहिली आहेत. आनंदीबाई कलकत्त्याजवळच्या सेरामपूरहून अमेरिकेला गेल्या होत्या. लिहिणाऱ्याने त्याचं 'सेरानिसोर' करून टाकलंय! मुलांना हे फार आवडलं. इतक्या मोठ्या कॉलेजातसुद्धा शुद्धलेखनाच्या चुका होतात तर.

पण मुलांनो, फोटोखाली काय लिहिलेलं असतं, ही नेहमीच हसण्यावारी नेण्याची गोष्ट नसते. एक प्रसंग सांगते. त्यातली मुलगी आता मोठी झाली आहे, म्हणून तिचं नाव सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या भागातल्या एका मंडळाने शाळेतल्या मुलांना दप्तरं वाटली. दप्तरं चांगली होती, हिरव्या रंगाची, दोन खणांची. देणाऱ्यांचे हेतूही वाईट नव्हते. प्रत्येक मुलाला दप्तर देताना फोटो निघत होता. या मुलीची पाळी आली तेव्हा फोटो नीट आला नाही म्हणून दप्तर तिच्या हातातून परत घेतलं, पुन्हा दिलं. "बाळ, इकडे बघ. जरा हस की!" बाळ हसलं.

आठवड्याने चौकात फ्लेक्स लागला. पुण्यात फ्लेक्सचं काय सांगायचं! वर पाहुण्यांचे मोठाले चेहरे, खाली या मुलीचा फोटो, दोन्ही हात पुढे केलेले. आणि शेजारी ठळक अक्षरं: 'गरीब व गरजू विद्यार्थ्यांना दप्तरवाटप'. तो चौक तिच्याच घराजवळचा होता. पीठ आणायला, दूध आणायला, शाळेत यायला तिला रोज त्याच फ्लेक्सखालून जावं लागे.

दुसऱ्या दिवसापासून तिने हिरवं दप्तर आणलं नाही. कापडदुकानाच्या पिशवीत वह्या घालून यायला लागली. मधल्या सुट्टीत दोघातिघांनी तिला "ए गरजू" म्हणून हाक मारली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मी संध्याकाळी घरी गेले. वडील रिक्षा चालवायचे. ते दारातच म्हणाले, "बाई, आम्ही मागितलं होतं का हो दप्तर?" मुलगी आतून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "त्या फोटोत मी हसतेय ना. लोकांना वाटेल, मला आवडलं."

मला तेव्हाही याचं उत्तर देता आलं नाही, आताही येत नाही.

हीच मुलगी तिसापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणायची. खो-खोत तिला कुणी पकडू शकत नसे. तिच्या हस्ताक्षराचा नमुना आम्ही कार्यालयात लावला होता. यातलं फ्लेक्सवर काय होतं? नोटेवरून लॉर्डसाहेब कापले गेले, त्याने कुणाचं फारसं बिघडलं नाही. इथे एका मुलीचं सगळंच कापलं गेलं आणि उरले ते पुढे केलेले दोन हात.

आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मंडळाला फोन केला, फ्लेक्स उतरला. पण मधल्या दिवसांत ज्यांनी बघायचं त्यांनी बघून घेतलं होतं. पुढच्या वर्षीपासून शाळेने ठरवलं, ज्यांना मदत द्यायची त्यांनी कार्यालयात आणून द्यावी, वाटप वर्गशिक्षक करतील, फोटो नाही. एका गृहस्थांनी त्यानंतर दोनशे वह्या दुकानातल्या पोराबरोबर पाठवून दिल्या, स्वतः आलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या एकांनी मात्र विचारलं, "फोटो नाही, तर मग आमचा उपयोग काय?" त्यांचा प्रश्न इथे तसाच लिहून ठेवते. ती मुलगी चार दिवसांनी शाळेत आली. हिरवं दप्तर मात्र तिच्या धाकट्या भावाने वापरलं.

मग गरिबांचे, कष्ट करणाऱ्यांचे फोटो काढूच नयेत का? तसंही नाही. आता तुम्हाला एका शाळामास्तरांची गोष्ट सांगते. ते आमच्याच धंद्यातले, म्हणून मला जरा जास्तच आवडतात! त्यांचं नाव लुइस हाइन. न्यूयॉर्कच्या एका शाळेत ते शिकवत. बोटीने अमेरिकेत नव्याने येणाऱ्या माणसांचे फोटो काढायला ते आपल्या विद्यार्थ्यांना बंदरावर घेऊन जात. त्या काळी अमेरिकेत लाखो मुलं कापडगिरण्यांत, काचेच्या कारखान्यांत, कोळशाच्या खाणींवर राबत होती. १९०८ साली हाइन यांनी शाळा सोडली आणि बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या एका राष्ट्रीय समितीसाठी या मुलांचे फोटो काढायला सुरुवात केली.

कारखानदार आत कशाला घेतील? मग कधी ते पोस्टकार्ड विकणारे बनत, कधी आगीची तपासणी करणारे. मुलांशी बोलताना खिशातल्या खिशात वहीवर टिपणं लिहीत. मुलाची उंची मोजायची तर टेप काढता येत नसे. मग त्यांनी काय युक्ती केली असेल? स्वतःच्या कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंचावर आहे, हे त्यांनी पाठ केलं होतं! मुलगा शेजारी उभा राहिला, की कुठल्या बटणापर्यंत आला ते बघायचं, झाली उंची. सूतगिरणीत काम करणाऱ्या एका मुलीच्या फोटोखाली त्यांनी लिहिलंय, उंची ४८ इंच. म्हणजे चार फूट. तुमच्यातले बरेच जण तिच्याहून उंच असतील.

बघा, 'गरीब व गरजू' असं लिहून ते मोकळे झाले नाहीत. नाव, वय, उंची, काम काय, किती तास, हे सगळं लिहिलं. लोकांनी ते फोटो सभांमध्ये आणि मासिकांत पाहिले आणि त्यांना स्वतःची मुलं आठवली. अर्थात, फोटो दाखवला आणि दुसऱ्या दिवशी कायदा झाला असं मात्र नाही. १९१६ साली एक कायदा झाला, तो १९१८ मध्ये न्यायालयाने रद्द केला. टिकणारा कायदा व्हायला १९३८ साल उजाडलं. पहिल्या फोटोतली मुलं तोवर चाळिशीला आली होती. आपल्याकडेही १९८६ पासून बालमजुरीविरुद्ध कायदा आहे. चहाच्या टपरीवर कप विसळणारा तुमच्या वयाचा मुलगा तरीही तुम्ही कधीतरी बघितला असेलच.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. हल्ली प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि घरातलं मूल हा सगळ्यांत सोपा विषय आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा परवा म्हणाला, "बाई, मी रडत होतो, तेव्हा आईने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसण्याची चित्रं पाठवली." त्याला तो फोटो काढून टाकायचा होता, पण तोवर तो औरंगाबादच्या मामापासून अमेरिकेतल्या आत्यापर्यंत पोहोचला होता. टाकण्याआधी मुलाला एकदा विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणालं, तर नाही.

या सगळ्यानंतर मी वर्गाला दिवाळीच्या सुट्टीचा उपक्रम दिला. घरातला एक जुना फोटो शोधायचा आणि त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, लिहायचं: कोण, कुठे, कधी आणि फोटो काढला कुणी. शेवटचा प्रश्न सगळ्यांना अवघड गेला. फोटोतल्यांची नावं घरोघर माहीत असतात, काढणाऱ्याचं नाव कुणालाच आठवत नाही. एकाने तर सरळ 'कॅमेऱ्याने' असं लिहून आणलं.

त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने १९६१ चा फोटो आणला होता. १२ जुलैला पानशेत फुटलं, आणि त्यानंतर काही दिवसांनी, उघडीप पडल्यावर काढलेला. तिचे पणजोबा शनिवार पेठेतल्या वाड्याच्या दारात उभे आहेत. घरातलं सगळं वाहून गेलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात एकच पितळी तांब्या. भिंतीवर पाणी चढल्याची रेघ, त्यांच्या डोक्याच्याही वर. पूर काय होता, हे त्या रेघेकडे बघून मुलांना कळलं. मग कुणाचं तरी लक्ष खाली गेलं. दाराच्या पायरीवर एक सावली पडली होती. डोकं, दोन्ही कोपरं वर उचललेली, आणि पदर. फोटो काढणारीची सावली!

मुलगी घरी गेली आणि पणजीला फोटो दाखवून विचारलं. पणजी म्हणाली, "शेजाऱ्यांचा कॅमेरा होता. ते म्हणाले, वहिनी, नुसतं हे बटण दाबा. दाबलं." साठ वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोटो वर्गात परत आला. मागे पेन्सिलीने पणजीचं पूर्ण नाव होतं, आणि त्याखाली तिने स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'हा मी काढला.'